शनिवार-रविवार धरायचे नाहीत

नाही, पण मला एक सांगा, शनिवार जातो कुठे? आमच्या ऑफिसात शुक्रवारी संध्याकाळी आलेला अर्ज मंगळवारी निघाला, तर लोक बोंबलणार चार दिवस लागले, आणि आम्ही लिहिणार दोन! कामाचे दिवस! शनिवार-रविवार धरायचे नाहीत! तुम्हाला सांगतो, बावीस वर्षं, अगदी काल निरोपाची भाषणं होईपर्यंत, मी हेच मोजलं... कुठला कागद कुणाच्या टेबलावर किती दिवस झोपला. मग कोण लाड करणार आपले? कॅन्टीनमध्ये मी शेजारी बसलो की टायपिस्टबाई भरलं ताट घेऊन उठायच्या, "अय्या, माझं झालंच!"

बरं, हे खूळ ऑफिसात सोडून यावं की नाही? बायको गेली ती शनिवारी सकाळी. आणि माझ्या मनात काय यावं? सोमवारपासून धरायचं! लाज वाटली हो. पण दोन दिवस घरात माणसंच माणसं, आणि सोमवारी सगळे आपापल्या कामाला... एकटा पडलो तो सोमवारीच. मोजणी बरोबर निघाली की!

मग राहिली लेक. लांब असते, नोकरी, दोन पोरं. "बाबा, दोन दिवसांत फोन करते हं!" दोनाचे होतात सहा. ऑफिसात असती तर लाल शाईने लिहिलं असतं! इथे? शनिवार-रविवार धरायचे नाहीत, धाकट्याला ताप होता ते दोन दिवस वजा... पोरगी वेळेवर!

पण हल्ली तीन महिने नुसतं "जेवलात? बरं, ठेवते." मला आला राग. म्हटलं, हिचा हिशेब काढतोच! आज सकाळी फोनची वही उघडली... हो, वही आहे, हसू नका! आता आमचा नियम असा, की आम्ही अर्जदाराला काही विचारलं, की उत्तर येईपर्यंत आमचं घड्याळ बंद, उशीर त्याचा. मागे मागे जातो तर काय, माझ्याच अक्षरात, "लेक म्हणाली, खोली लावून ठेवलीय, कायमचे राहायला या." आणि पुढे? "विचार करून सांगतो म्हटलं."

झालं! कागद माझ्याच टेबलावर! त्रेसष्ट दिवस, तेही कामाचे! बिचारी वाट बघतेय, आणि मी तिच्यावर रुसून बसलोय!

का नाही सांगितलं? भीती वाटते हो. गेलो आणि चार दिवसांत नकोसा झालो तर? तिथेही कुणी ताट घेऊन उठलं तर?

तरी उचलला फोन. आणि भिंतीवर बघतो तर शनिवार! हुश्श! आजचा धरायचा नाही, उद्याचाही नाही, सोमवारी पहिलं काम हेच... फोन ठेवला आणि मग आठवलं.

काल रिटायर झालो ना मी. आता सोमवारही धरायचा नाही.