मधात गोधडी

आंजी गावाला जाणारी बस अजून लागली नव्हती. वर्ध्याच्या स्टँडवर रुचिकाच्या पुढेच एका म्हाताऱ्या नवराबायकोची जुंपली होती, तेव्हा तिचे कान आपसूकच तिकडे लागले.

"माही गोधडी कुठं हाय?"

"घरवालीत ठेवून आलो."

"घरवाली तं मी आहो! ही दुसरी कोन?"

"अवं, घरवाली गाडी! सेवाग्रामले गोरे नवराबायको आले ना, त्याइची मोटार. आत गॅस, पलंग, सारंच हाय. मांगच्या डिक्कीत दोन सायकली."

"मंग?"

"त्या एकमेकीले घासून राह्यल्या होत्या. पट्टे आवळले, कुलूप लावलं, तरी रंग उडे. म्हनून मले बोलावलं. गावात सायकलवाला मीच."

"अन् तुमी काय केलं?"

"एकीचं तोंड इकडं केलं, दुसरीचं तिकडं. पायडल काढले, हँडल वाकडे केले, मधात तुही गोधडी कोंबली. आता काश्मीरपरेंत जाऊ दे, हालत नाई."

"एवढी अक्कल तुमाले आली कुठून?"

"अवं, बत्तीस वर्षं झाले, आपन तसेच तं झोपून राह्यलो! पडली काय एक तरी खरोच?"

बस लागली. रांग हलली, तरी रुचिका मुद्दाम त्यांच्या मागेच रेंगाळली.

"अहो, पन आता मधात काय टाकाल?"

"काऊन? थंडीचे दिवस हायेत. काईच नाई टाकत."

"चढा आता, लोकं पाहून राह्यले!"