जळक्या रबराचा वास

रडू नका म्हनलं ना मास्तरीणबाई — एक डोळा गेला तरी दुसरा हाय की, अर्धीच पेनं दिसतील, अर्धाच पसारा घरात येईल — बरं, न्हाई करत थट्टा, बसा. दार उघडलं की डाक्टर सांगतीलच, डोळा वाचला का गेला. पण मास्तर तरी काय कमी हायेत? पेन्शन खातात, आन् जुन्या बाजारात माझ्या मालाच्या गोणपाटावर त्या कंप्युटरवाल्या अवधूतचा गळा आवळत होते! कशापायी? सोन्यापायी? छ्या — शाईच्या पेनापायी! दर रविवारी दोघांची खुन्नस, पहिलं कोण उचलतो. आज मास्तरांनी उचललं, अंगठ्यानं खसाखसा घासलं, नाकाला लावलं — जुनं पेन असंच ओळखतात ना, रबराचं असलं की जळका वास येतो, प्लॅस्टिकचं असलं की काय बी न्हाई — आन् मास्तरांचं तोंड असं खुललं! अवधूतनं हिसकलं, त्यानं बी हुंगलं — झालं! मास्तर त्याच्या मनगटाला चावले, लचकाच तोडला, त्यानं डोकं हाणलं, मास्तरांचा दात उडून माझ्या च्यात — मी हसत होतो — म्हंजे हसत कुठला, वरडत होतो, सोडा, सोडा — तवर त्यानं निबच खुपसली. खच्चकन्. डोळ्यातनं आधी निळं गळलं, मग लाल —

आँ? ते पेन तुमच्याकडं? नर्सबाईनं धुऊन दिलं? आना इकडं, जपून ठिवतो — न्हाई? आवो, घासताय कशाला? न्हाई यायचा वास आता, धुतल्यावर ट्यूबचा वास ऱ्हातोय व्हय —

ट्यूबचा म्हंजे — कुठली ट्यूब? कोन म्हनलं ट्यूब? — असं बघू नका हो. थट्टा! सायकलची फाटकी ट्यूब जाळली, डब्यात कोंबली, त्यात हे बुधवार पेठेतलं नवंकोरं प्लॅस्टिकचं पेन रातभर ठिवलं — म्हनलं, दोघं हुंगतील, भांडतील, मग टाळी वाजवून सांगीन, येड्यांनो, फसला की! मास्तरांना कितीदा फसवलंय मी, ते बी हसतात मागनं, इचारा त्यांना — शुद्धीवर आले की इचारा —

हां, हसलात! असं हसावं मानसानं — टोपण का काढलं? कागद कुठंय तुमच्याकडं? मास्तरीणबाई, हात खाली घ्या — अवो, माझ्या तोंडाकडं न्हाई — बाई —