होडीवाल्याचा वाढदिवस

मंडळी, एक सांगा. ज्याला देहच नाही, त्याच्यावर जीव लावला, तर ती माया वाया जाते का? लगेच माना हलवू नका. आधी ऐका.

जपानात समुद्रकाठी एक गाव. तिथं फुमिए नावाची बाई राहायची. नवरा गेला आणि घर मुकं झालं. एकटीपुरतं शिजवायचं, ओट्यापाशी उभ्यानंच खायचं. भाचीनं तिला मोबाइलवर एक गेम लावून दिला. त्यात धुक्यातली नदी, नदीत होडी, आणि होडीत इओरी नावाचा नावाडी. चित्रातलाच हो! पण रोज संध्याकाळी तो म्हणायचा, "आलात? बसा. घाई नाही." मग होडी निघायची... धुकं सरकायचं... वल्ह्यावरून पाणी ठिबकायचं... आणि फुमिएला हळूहळू झोप लागायला लागली.

तिनं कोनाड्यात त्याचं चित्र मांडलं. पिशवीवर त्याचे बिल्ले लावले. त्याच्या वाढदिवसाला केक आणला. नणंद तोमी म्हणाली, "वहिनी, चित्राला केक भरवता?"

हसलात ना? आणि सकाळी नैवेद्य कुणाला दाखवून आलात? असो.

पुढं कंपनीनं कळवलं — गेम बंद होणार. फुमिएला वाटलं, घर पुन्हा मुकं होणार! तेवढ्यात मोबाइलवर निरोप आला, इओरीचा वाढदिवस हा गेम खेळणारे सगळे मिळून खऱ्याखुऱ्या नदीकाठी करणार आहेत. कुणात न मिसळणारी ही बाई, केक घेऊन निघाली.

बघते तर काय — पोरी, म्हातारे, सगळ्यांच्या पिशव्यांवर तोच चेहरा. मधे खुर्चीत इओरीचं चित्र, पुढ्यात केकच केक. नदीवर खरंच धुकं उतरलेलं. जो तो हळू बोलत होता, जणू कुणी झोपलंय.

एका मुलीनं तिच्या हाती बशी दिली. "काकू, त्याच्या नावानं खा."

फुमिए सतरंजीवर बसली. एक घास घेतला आणि डोळे वाहू लागले. मुलगी जवळ सरकली.

"कोणाची आठवण आली?"

"आमच्या ह्यांची," फुमिए म्हणाली. आणि मग नवऱ्याबद्दल बोलतच राहिली, धुकं विरेपर्यंत.

गेम बंद झाला. पुढच्या वर्षीचा वाढदिवस मात्र फुमिएच्या घरी झाला. घरभर माणसं! सुरी तोमीच्याच हातात. म्हणाली, "वहिनी, त्याला जरा मोठा तुकडा ठेवू."

आता घरी जाल, देवापुढचं ताट उचलाल. तुमच्या आळीत एकटं जेवणारं कुणीतरी असेलच. त्याचं दार आठवा, मंडळी, आणि मगच उठा.