खालच्या पट्टीवरचं गुपित

कानाच्या डॉक्टरांकडे आम्ही ताटकळत बसलो होतो. शेजारी बसलेले आजोबा आजींशी मोठ्यानेच बोलत होते, त्यामुळे त्यांचा संवाद सगळ्यांनाच ऐकू येत होता.

“मी खोलीत आले की कॉम्प्युटरवर काय लपवता हो?”

“कुठे काय? पत्ते खेळतो.”

“पत्ते समोरच असतात. दुसरंच काहीतरी पटकन खाली पाठवता.”

“मिनिमाइझ म्हणतात त्याला.”

“म्हणोत काहीही. खालच्या पट्टीवर त्याचं चित्र राहतं. काल तुम्ही आंघोळीला गेलात, तेव्हा केलं मी त्यावर क्लिक.”

“अगं!”

“एक बाई नुसतीच हातवारे करत होती. म्हटलं, म्हातारपणी यांना नाचाचं खूळ लागलं की काय!”

“खुणांची भाषा आहे ती. तुझं ऐकणं आणखी कमी झालं तर... म्हणून आधीच शिकून ठेवतोय.”

“मग लपवायचं कशाला?”

“तुला वाईट वाटेल म्हणून.”

तेवढ्यात नर्सने आजींना हाक मारली. आजींना ती ऐकू गेली नाही. आजोबांनी हाताने खूण केली.

“हे काय?”

“‘चल’ म्हटलं.”

“साफ चुकलं. ‘चल’ असं करतात, हे बघा. तुमची आंघोळ होईपर्यंत अख्खा धडा बघितला मी.”