गावाचा कचरा टाकावा कुठं

माझं माहेर काळ्या रानातलं, परभणी जिल्ह्यातलंच, पण गावाचं नाव नका लिहू, उगं वाद होतेत. आमी दोघंच भावंडं, मी आन मारोती. माय लवकर गेली, तर मारोतीला मीच कडेवर घेऊन वाढवलं, मी बायांसंगं कापूस येचायची आन ह्यो धुऱ्यावर, बांधावरच्या झाडाला झोळीत. आता त्याला नातवंडं झाली तरी मला आक्काच म्हणतो.

लगीन होऊन मी तालुक्याला आले. मालक मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, हमाली करायचे. घर गावाच्या कडंला, म्होरं मोकळं रान, शेळ्या चरायच्या. मग कवातरी गावाचा कचरा त्या रानात पडायला लागला, आधी एखादं टॅक्टर, मग रोजचेच टॅक्टर, बघता बघता डोंगर झाला. काय सांगू तुमाला, उन्हाळ्यात कुनी काडी लावली की महिना महिना आतून धुपत ऱ्हायचं. आपल्याकडं सगळं वाळलेलं, त्यात मावळतीचं वारं सुटलं की धूर सरळ घरात. भाकरीवर माशा, बाभळीला पिशव्या, आन हापशाचं पानी पिवळं. सून बाळंत झाली तर लेकरासंगं तिला तिच्या माहेरीच ठेवली, नातीचं तोंड बघायला मी येष्टीनं जायची.

मग परभणीहून एक इंजिनियर मॅडम आल्या, माझ्या लेकीच्या वयाच्या. कचऱ्याला दुसरी जागा बघायचं काम त्यांच्याकडं. उनातानाच्या आल्या मनून मी चहा केला, तर ओट्यावर बसून सांगायल्या, मावशी, आपल्याकडे पाऊस थोडा, जमिनीखाली आहे तेवढंच पाणी, कचऱ्यातून गळणारी घाण त्यात उतरली तर माणसांनी प्यायचं काय. म्हणून आधी विहिरी बघायच्या, ओढा बघायचा, वारा कुठून कुठं जातो ते बघायचं, मगच जागा ठरवायची. मला लय बरं वाटलं. म्हणलं बाई, लवकर बघा.

आन बघितली कोनती, तर माझ्या माहेरचं गायरान.

मारोतीचा फोन आला. आक्का, तुझ्या दारातली घाण माझ्या दारात धाडायलीस व्हय? मी म्हणलं, आरं मी कुठं धाडायले, तू सांगायलास तवा मला कळायलंय. त्यानं फोन ठेवून दिला. दर पंचमीला मुराळी मनून मला न्यायला यायचा, त्या साली आला न्हाई. मी दिसभर रस्त्याकडं बघायले, मालक म्हणले जेव आता, न्हाई यायचा त्यो.

मग खबर आली, गावानं मॅडमची जीप अडवली. मी तशीच येष्टीत बसले. गायरानात सगळा गाव जमलेला, मारोती म्होरं. मला बघून त्यानं तोंड फिरवलं. मी डोक्यावर पदर घेतला आन जल्मात पहिल्यांदा चारचौघांत बोलले. म्हणलं, मी त्या घाणीत ऱ्हाते, ती तुमच्या दारात यावी असं मी कशी म्हणू? पर ह्या बाईला बघू तर द्या, ती टाकायला आलेली न्हाई, बघायला आलीय. मग मारोती हळूच म्हणला, आक्का म्हणतीय तर बघू द्या.

जेसीबीनं खड्डा खांदला, पानी खाली मुरतंय का ते बघायला टँकरनं त्यात पानी भरलं. मी मारोतीकडंच ऱ्हायले. त्यो अजून घुश्श्यातच, पर जेवताना माझ्या ताटात तूप त्यानंच वाढलं. सकाळी जाऊन बघतोत तर खड्डा कोरडा. मॅडम म्हणल्या, खालचा दगड भेगाळलेला आहे, पाणी सरळ विहिरींना जाईल, ही जागा चालणार नाही. गाव खूश झालं, आन माझ्या डोळ्याला पानी. मारोती म्हणला, आक्का, टळलं की, रडतीस कशाला? म्हणलं तुमचं टळलं रे बाबा, मला परत तिथंच जायचंय.

त्यो माझ्यासंगंच येष्टीत बसला. माझ्या घरी एका हातानं माशा हाकलत जेवला. मग दारात जाऊन त्या डोंगराकडं बघत ऱ्हायला. म्हणला, आक्का, पंचमीला मी उभ्या उभ्या येऊन तुला न्यायचो, एवढा तरास हाय हे तू कवा सांगितलं न्हाईस. म्हणलं, माहेरी असलं कुनी सांगतं का?

मॅडमनी मग लय जागा पालथ्या घातल्या. शेवटाला उगवतीच्या अंगाला एक माळ भेटला, खाली चिकनमाती, भरलेलं पानी तसंच थांबलं, जवळ इहीर न्हाई, वढा न्हाई. पर लांब का होईना, एक गाव हायच की तिथं बी. ती मानसं बी चिडली, चिडणारच. मारोती आन मी दोघं गेलो. मी जे भोगलं ते सगळं सांगितलं, काय लपवलं न्हाई. मारोती म्हणला, न्हाई म्हणायचा तुमाला हक हाय, आन हो म्हणलात तर अटी घालून म्हणा. घातल्या त्यांनी. ओला कचरा यायचा न्हाई, त्याचं खत तुमच्या गावातच करा, पेटवायचं न्हाई, खाली शेततळ्याला असतो तसला प्लॅस्टिकचा जाड कागद अंथरा, आन आमच्या इहिरींचं पानी दरसाल तपासा. मॅडमनी सगळं वरून कबूल करून घेतलं.

आता माझ्या दारातला डोंगर मातीनं झाकलाय. पावसाळ्यात अजून वास येतो, खोटं कशाला बोलू. पर नात माझ्याजवळ हाय. मी गल्लीत दारोदार फिरते, ओला येगळा ठेवा, सुका येगळा ठेवा, बाया कटाळतेत, म्हणतेत आली बघा कचऱ्याची आक्का. म्हणू द्या. त्या माळाकडच्या गावात माझी एक मैतरीण झालीय. अधनंमधनं जाते मी, आन गेले की चहाच्या आधी तिच्या इहिरीचं पानी मागून पिते. अजून गोड हाय. त्या गावानं आमच्यासाठी लय मोठं मन केलं, त्यांच्या लेकराबाळांना ते पानी असंच गोड मिळत राहो, दुसरं काय मागू मी.