सुमनवहिनीच्या चाकूची धार

विहारात जमलेल्या माय-बहिणींनो, भावांनो, सगळ्यायले जयभीम.

माईक हाती दिला, पण मले बोलायची सवय नाही. धनराजभाऊ असते तर म्हणाले असते, "मधुकर, कागद पाहून तरी वाच." कागद आणला नाही. जे सांगायचं आहे, ते लिहायची हिंमत झाली नाही.

भाऊले तुम्ही सारे ओळखता. उभी नोकरी बैहरच्या जंगलात सरकारी जीप चालवली. रिटायर झाले अन् घरामागच्या टिनाच्या शेडमधी चाकू बनवायले बसले. ट्रकच्या जुन्या कमानीचं लोखंड, शिसमची मूठ. या वॉर्डात कोणाच्या घरी भाऊचा चाकू नाही? धार लागली का, हे ते डाव्या हाताच्या केसांवर पाहायचे. म्हणून तो हात सदा गुळगुळीत. आम्ही हसायचो. तेही हसायचे.

मी शेजारी. रोज शेडमधी जाऊन बसायचो. शिकलो म्हणजे, मले वाटलं का शिकलो.

सुमनवहिनीच्या बोटांचे सांधे धरले होते. भाजी चिरता येत नव्हती. भाऊनं वहिनीचा हात ओल्या मातीत दाबून माप घेतलं, त्या मापाची मूठ कोरली. महिनाभर तो एकच चाकू. शेवटची धार तेवढी राह्यली होती. भाऊ चहा सांगायले घरात गेले. मी म्हटलं, चला, आपणच लावून टाकू. पातं पाण्यात बुडवत बुडवत ग्राइंडरले लावायचं, हे मले शंभरदा सांगितलं होतं. मी घाई केली. पातं तापून निळं पडलं. निळं पडलं म्हणजे लोखंडाचं पाणी उतरलं. मग त्याची धार टिकत नाही.

भाऊ आले. पाह्यलं. काही बोलणार, तर मागून वहिनी आल्या अन् चाकू घेऊन गेल्या. वांगं चिरलं. आतून आवाज आला, "अहो, हात दुखत नाही."

भाऊ हळूच म्हणाले, "आता परत कसा मागू?"

मी म्हटलं, वहिनीले मी सांगतो. तर म्हणाले, "काही सांगू नको. मी पाहून घेतो."

काय पाहून घेतलं? वहिनी सकाळी इथं वंदनेले येत, तेवढ्या वेळात त्या चाकूले दगडावर धार. रोज. चार वर्षं रोज. अंगात ताप असला तरी.

भाऊले शेवटची आंघोळ घालताना मी त्यायचा डावा हात पाह्यला. मनगटापाशी ताजा गुळगुळीत. म्हणजे गेले त्या सकाळीही धार लावून गेले.

परवा वहिनी मले म्हणाल्या, "भाऊजी, हे गेले अन् चाकूनंही धार सोडली." मी मान खाली घातली. आज घालत नाही. वहिनी, चाकू मी बिघडवला. भाऊनं चार वर्षं माझं नाव घेतलं नाही. आज सगळ्यायसमोर मीच घेऊन राह्यलो. मले माफ करा.

आता सारे उभे राहू. भाऊसाठी थोडा वेळ चूप राहू.

अन् वहिनी, उद्या वंदनेले येताना चाकू ओट्यावर ठेवून या. मी येतो. रोज येतो.

भाऊ, जयभीम. घाई करणार नाही.