ठेव, आलोच

अगं अगं, टेबलाला धक्का नको — बस ना, बस, पण त्या भिंतीकडच्या खुर्चीवर बस. हां. नाही, राग नाही आला मला, तूही किती दिवस थांबणार? तुझी रॅकेट आहे, तू मागायला आलीस, यात चुकलं काय तुझं? दारात उभी राहून "काकू, राहू दे, नंतर येईन" म्हणालीस ना, तेव्हाच म्हटलं हिला आज आत घ्यायचं. तूच ना ती डावरी? हे तुला डावरीच म्हणायचे. "डावरीची रॅकेट आली का," "डावरी तार फार लवकर तोडते." तुझं खरं नाव मला अजून माहीत नाही — नको, सांगू नकोस आता, डावरीच राहू दे.

ती बघ तुझी रॅकेट. तारा भरायच्या मशीनवर चढवलेली. उभ्या तारा सगळ्या झाल्यात, आडव्या निम्म्या. आणि तो काळा चिमटा दिसतोय ना, दोन तारांना धरून बसलेला? तो मी लावलाय. चिमटे माझ्याकडे होते. यांच्या बोटांचे सांधे धरले तेव्हापासून — ओढायला जमायचं, तार ओवायलाही जमायची रडतखडत, पण चिमट्याचा चाप दाबायचा म्हटलं की बोटं मिटायचीच नाहीत. मला म्हणाले, तू जरा धरशील का? म्हटलं, मला तुमच्या खेळातलं ओ की ठो कळत नाही. तर म्हणे, खेळू नकोस, फक्त धर. तेव्हापासून आमची जोडी. हे तार ओढायचे, ती दांडी आहे ना वजनाची, ती हळूच सोडायचे, दांडी आडवी झाली म्हणजे ताण बरोबर, मग म्हणायचे "हं" — की मी चिमटा लावायचा. एवढंच. दिवसभर घरात दुसरं बोलणं नसायचं कधीकधी. हं — चाप. हं — चाप. भांडण झालेलं असलं तरी हं म्हणावंच लागायचं त्यांना. मग माझा राग टिकणार कसा, सांग!

एकदा काय झालं, दुसरा चिमटा सापडेना. हे तार ओढून उभे, "लवकर, लवकर," मी इकडे तिकडे बघते, काही सुचेना, तर मी सरळ वाळतीवरचा कपड्यांचा चिमटा काढून आणला आणि लावला की! हसू नकोस — म्हणजे हस, हेही हसले होते. तार सटकली, चिमटा उडून थेट पंख्याला लागला. मी कपाळाला हात लावला. हे खुर्चीत बसून हसत सुटले, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मग शिकवलं मला नीट. घट्ट केलास तर तारेला चावतो, सैल केलास तर ती घसरते. आणि एक गोष्ट तर रोज सांगायचे, पुढची तार ताणली की मगच मागचा चिमटा सोडायचा. आधी नाही. तोवर मागची सगळी मेहनत त्या चिमट्यावर असते.

आणि दुसरं — रॅकेट अर्धी टाकून उठायचं नाही. फ्रेम वाकते म्हणे. बेल वाजो, फोन वाजो, एकदा तर दूध उतू गेलं, करपल्याचा वास घरभर, तरी मला उठू दिलं नाही. म्हणून त्या दिवशी ते उठले ना, तेव्हा मी बघतच राहिले. तार ओढली, हं म्हणाले, मी चिमटा लावला, आणि हे छातीवर हात ठेवून उठले. म्हटलं, अहो, काय होतंय? म्हटलं, चिमटा सोडू की ठेवू? तर आतल्या खोलीच्या दारातून म्हणाले — ठेव, आलोच.

तेवढंच. ठेव, आलोच.

पाणी पिऊन घे. नाही, मी रडत नाहीये, हे डोळे असेच वाहतात आता, त्याला मी काय करू. दीड महिना झाला, मी ओट्याशी उभी राहून जेवते, कारण जेवायचं टेबल असं अडलेलं. मुलगा म्हणाला, आई, उचलून ठेवू का सगळं? हात लावू दिला नाही मी. त्याला वाटलं आईचं डोकं फिरलं. फिरलं असेल. पण त्या तारेत त्यांचा हात आहे गं. त्यांनी ओढलेली शेवटची तार, ती मी धरून ठेवलीय, मी सोडली की गेली. रोज सकाळी येऊन बघते, चिमटा जागेवर आहे ना. तुला फोनवर खोटं सांगितलं, मशीन बिघडलंय म्हणून. मशीनला काय धाड भरलीय.

पण तुझी फ्रेम वाकत असेल. हे असते तर मला बोलले असते — पोरीच्या रॅकेटचं वाटोळं करतेस म्हणून. रात्रंदिवस ऐकू येतंय मला ते. म्हणून म्हटलं, आज आत घ्यायचं हिला. ये इकडे. तार ओवलेली आहे पुढची, नेहमी एक तार पुढे ओवून ठेवायचे ते. ती त्या खाचेत अडकव. हां. आता दांडी सोड — हळू, हळू गं! — आडवी झाली? मग हं म्हण. लाजू नकोस. म्हण ना.

हं. बरं. आता मी चाप उघडते. तू दांडीकडे बघ, मी तारेकडे बघते. हे बघ, सोडला —

अगं, दांडी का खाली गेली? तू दाबलीस? नाही ना? मग... तार तिकडे सरकली. म्हणजे इथे ताण नव्हताच. मी चिमटा बघत बसले आणि तार आतल्या आत सैल पडत गेली. कधीच निघून गेलं होतं गं सगळं. दीड महिना मी काय धरून बसले होते मग? काय धरून बसले होते?

नको, खांद्यावर हात नको ठेवूस. कात्री ड्रॉवरमध्ये आहे. ही अख्खी कापायलाच हवी, जुन्या ताणावर नवा चालत नाही. मधोमध काप, मधून कडेकडे जा, एका बाजूने कापलीस तर फ्रेम मोडेल. तू काप. मी खिडकीत उभी राहते.

झालं? सगळी? बरं. काढ ती मशीनवरून, आणि बाजारात दाखव कुणाला, तिथे एकटाच माणूस सगळं करतो. तो चिमटा तेवढा दे इकडे. नाही, मशीन उद्या मुलगा घेऊन जाईल, हा माझ्याकडे असू दे.

जा आता तू. चांगली खेळ. दार ओढून घे.